भिंतीपलीकडची पिवळी

आधी एक सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या आणि काकूच्या घरामधे एक भिंत आहे. कमरेएवढीच. पण कितीतरी वर्षं त्या भिंतीवरून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता. कपडे मात्र जायचे. कारण आमची लाँड्री आहे ना, आणि काकूचं म्हणणं असं की भांडण जावेशी आहे, लाँड्रीशी नाही. त्यामुळे दर आठवड्याला तिच्या चादरी, अभ्रे, स्वेटर पिशवीतून यायचे आणि घड्या घालून परत जायचे. आणि नेणारी-आणणारी कोण? मी.

"तुझ्या आईला सांग, मागच्या वेळी अभ्र्याचं एक बटण गेलं."

मी इकडे येऊन सांगायची. आई इस्त्री न थांबवता म्हणायची, "तिला सांग, बटण आधीपासूनच नव्हतं."

मी परत तिकडे. बाबा म्हणायचे, "हिला पगार द्या रे कुणीतरी, दोन देशांची वकील आहे ही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं भांडण कशावरून? हसू नका हं. एका झुडपावरून.

आमच्या दुकानाच्या मागे, अंगणात, कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप भिंतीतून बाहेर निघतो. ते मशीन म्हणजे मोठा गोल पिंप, आत ओले कपडे गरगर फिरतात, खालून आग, आणि वाफ पाइपातून बाहेर. आम्ही त्याला ढोल म्हणतो, कारण तो वाजतोच तसा. तर तो पत्र्याचा पाइप दिसायचा इतका घाण, काळा, गंजका, की आईनं ठरवलं, याच्यासमोर काहीतरी लावायचं. ती नर्सरीत गेली आणि एक झुडूप घेऊन आली. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं होतं फोर्सिथिया. बाबांनी दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. मग आम्ही तिला पिवळी म्हणायला लागलो.

तुम्ही पिवळी बघितलीय का फुललेली? नसेल तर काय सांगू! आधी काहीच नसतं. पानं सुद्धा नसतात. नुसत्या करड्या काड्या, कुणीतरी झाडू उलटा रोवलाय असं वाटतं. बाहेर आमच्या डोंगरातली कडाक्याची थंडी, सगळ्यांची तोंडं सुजलेली, आणि एक दिवस सकाळी बघावं तर काडीन् काडी पिवळी! पान एक नाही, नुसती फुलं. अंगणामागच्या रस्त्यावरून जाणारे थांबायचे. पोस्टमन सायकल लावून बघत बसायचा. आणि गल्लीत कुणाच्याच बागेत अजून काही हललेलं नसायचं, हे महत्त्वाचं. सगळ्यात पहिली आमची.

सगळे आईला म्हणायला लागले, "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे."

आई वरवर म्हणायची, "छे हो, माझा कसला हात." पण मग दिवसभर तिचा तो हात बघायचा. गिऱ्हाइकाला पावती सुद्धा अशी द्यायची, जशी काही प्रसाद देतेय.

आता आईचं बघा ना. पहाटेपासून दुसऱ्यांचे डाग काढायचे. शर्ट चांगला धुतला तर कुणी म्हणत नाही, वा, काय शर्ट धुतलाय. डाग राहिला की मात्र बोंब. तिच्या वाट्याला कौतुक असं एकच होतं, वर्षातून एकदा, पिवळीचं. ते ती पुरवून पुरवून वापरायची.

काकूनं त्या पिवळीची फांदी मागितली. तेव्हा दोघींचं इतकं गूळपीठ होतं की बाबा म्हणायचे, भिंत पाडून टाका, नुसती चहाचे कप ठेवायला उपयोगी पडतेय. आईनं फांदी दिली. काकूनं ती लावली पण कशी! काकू शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली तरी बाई ती बाईच. तिनं अंगणातली सगळ्यात चांगली जागा निवडली, भरपूर ऊन, कशाची आडकाठी नाही, खत मोजून, पाणी मोजून. झुडूप आमच्यापेक्षा उंच झालं, भरलं.

पण फुलायचं कधी? आमची पिवळी फुलून, कोमेजून, खाली सडा पडला की मग तिची. तोपर्यंत गल्लीची हौस फिटलेली असायची. पहिल्याचं कौतुक, दुसऱ्याकडे कोण बघतं?

आणि आमच्या आईच्या जिभेला हाड नाही. मनात काही नसतं हो तिच्या, पण दर वर्षी भिंतीशी उभं राहून विचारायची, "काय ताई, तुमची अजून झोपलीच आहे वाटतं?"

एक वर्ष काकू हसली. दुसऱ्या वर्षी अर्धं हसली. मग एका वर्षी भिंतीशी येऊन, चष्मा नाकावर सरकवून म्हणाली, "हे बघ. झाड एक. माती एक. पाणी एका नळाचं. सगळं सारखं असताना उत्तर वेगळं येतंय. म्हणजे कुठेतरी लबाडी आहे."

आई म्हणाली, "कसली लबाडी?"

"फांदी तू निवडून दिलीस. चांगली स्वतःला ठेवलीस, मरतुकडी मला."

"मी? अहो, हाताला आली ती कापली!"

"हाताला गुण आहे ना तुझ्या? मग हाताला कळलं असणारच."

झालं. शब्दानं शब्द वाढला, मग बाबांच्या लग्नातल्या कुठल्यातरी मानापानापर्यंत गेला, जे मी जन्माला यायच्या आधीचं. आणि मग एकदम बंद. भिंतीवरचे कप गेले, मांजर तेवढं बसायचं.

तर ही झाली पार्श्वभूमी. आता यंदाचं ऐका.

थंडी सुरू झाली तेव्हा मी पिशवी आणायला काकूकडे गेले, तर घरभर खोकी. काकू पुस्तकं बांधत होती. म्हणाली, थंडी संपली की लेकीकडे चाललेय, कायमची. गुडघे चालत नाहीत, एकटीनं किती दिवस. घर भाड्यानं द्यायचं. सगळे पडदे मला धुवायला दिले, नव्या माणसांसाठी.

मी इकडे येऊन आईला सांगितलं. आई इस्त्री करत होती. म्हणाली, "बरंय. लेकीकडे सुखात राहतील." आणि इस्त्री तिथेच ठेवून उभी राहिली. धूर यायला लागला तेव्हा बाबा ओरडले. आईनं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा अभ्रा जाळला. आणि तो काकूचाच होता!

"आता हे पण सांगू का तिला?" मी विचारलं.

"जीभ जास्त झालीय तुझी," आई म्हणाली. रात्री जेवताना सारखी काकूच्या खिडकीकडे बघत होती. मला कळलं की तिला काकूशी बोलायचंय, नुसतं बोलायचंय, ती जायच्या आधी. पण आधी कोण बोलणार? एक गणिताची, एक इस्त्रीची. दोघी ताठ.

आणि त्यात ढोल बसला. म्हणजे बंद पडला. मोठा खर्रर्र आवाज आला, मग धप्प, मग शांतता. मेकॅनिक आला, पोटात डोकं घालून बराच वेळ पडून राहिला, बाहेर येऊन म्हणाला, "याचं बेअरिंग गेलंय. हे मॉडेल आता कुणी वापरत नाही हो. पार्ट बाहेरून येईल तेव्हा येईल."

मग आमच्या घरात जे सुरू झालं ना! हॉटेलच्या चादरी आमच्याकडे येतात. त्या वाळवायच्या कुठे? थंडीत बाहेर वाळतच नाहीत, गोठून कडक होतात, पत्र्यासारख्या. मग घरात दोऱ्या. स्वयंपाकघरात दोऱ्या, माझ्या खोलीत दोऱ्या, बाथरूमच्या दारात दोरी. बाबा सकाळी दाढी करायला निघाले की चादरीत हरवायचे. "अगं, कुठे आहेस?" "इथेच, डबल बेडच्या मागे!" असं आमचं संसारात बोलणं चाललं होतं.

आणि या सगळ्या गोंधळात पिवळी फुलली नाही.

तिचे दिवस आले आणि चालले. कळ्या होत्या, पण घट्ट, गव्हाच्या दाण्याएवढ्या, मुठी आवळून बसलेल्या. दुकानात जो येईल तो विचारायचा, "यंदा पिवळी नाही का?" आई म्हणायची, "येईल, येईल." मग मागे जाऊन कळ्यांना हात लावून यायची. एकदा मी तिला झुडपाशी बोलताना ऐकलं. "काय झालं गं तुला? माझं काही चुकलं का?" असं. आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होती.

मी पडदे द्यायला काकूकडे गेले. काकू खिडकीतून आमच्या अंगणाकडे बघत होती. मला वाटलं आता टोमणा येणार. तर म्हणाली, "तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना?"

"हो, का?"

"नाही, यंदा तिची फुलली नाही. म्हटलं, आजारी-बिजारी आहे की काय. तिच्याशिवाय त्या झाडाकडे कोण बघतं?" आणि लगेच सावरून, "तिला सांगू नकोस हं मी विचारलं ते."

दोन देशांच्या वकिलाला पहिल्यांदाच काही सांगू नकोस असं सांगितलं होतं! मी बाहेर पडताना काकूची पिवळी बघितली. आणि मला आश्चर्य वाटलं. तिच्या कळ्या आणि आमच्या कळ्या अगदी एकसारख्या. तेवढ्याच. तेवढ्याच घट्ट.

तेव्हा पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला मेकॅनिकमुळे. त्याला सुद्धा माहीत नाही हे.

पार्ट आला, बेअरिंग बसलं. मेकॅनिक आतून ओरडला, "ताई, मागे जाऊन बघा, पाइपातून हवा येतेय का!" मी मागे गेले. आईनं पिवळी नेमकी पाइपासमोर लावलीय ना, त्यामुळे मला तिच्या फांद्यांत घुसून, हात लांब करून पाइपाच्या तोंडाशी न्यावा लागला. आत ढोल धडधडायला लागला. आणि भस्सकन गरम हवा! माझी बाही फडफडली, चष्म्यावर वाफ धरली, गालाला ऊब आली. इतकं छान वाटलं त्या थंडीत, हलावंसं वाटेना.

आणि मी तिथे उभी, पिवळीच्या काड्यांच्या मधोमध, आणि काड्या माझ्यासारख्याच शेकतायत.

मी अक्षरशः ओरडले. मेकॅनिक धावत आला, त्याला वाटलं भाजलं.

कळलं ना तुम्हाला? आमची पिवळी दर वर्षी आधी का फुलायची? तिला थंडी संपायची वाट बघावीच लागायची नाही! सगळी गल्ली कुडकुडत असायची आणि ही बया दिवसभर शेक घेत बसलेली असायची. म्हणून दर वर्षी दुकानाच्या बाजूनं आधी फुलायची. आई म्हणायची, "बघा, गिऱ्हाइकांकडे तोंड करून फुलते, माणसं ओळखते ती." कसली माणसं, पाइप ओळखायची ती! आणि आम्ही त्या पाइपाशेजारी जन्म काढलेला, आम्हाला ती गरम हवा, हवा म्हणून सुद्धा जाणवायची नाही. लाँड्रीवाल्यांना वाफेचं काय कौतुक!

मी पळत आत गेले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, आई उडी मारेल. आता काकूला सांगता येईल, फांदी खरी होती, भांडण खोटं होतं, संपलं!

आईनं शर्टाची कॉलर पूर्ण केली. उलटी करून परत केली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताला गुण नाही?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"एवढी वर्षं लोक त्या पाइपाचं कौतुक करत होते?"

"आई, तसं नाही गं..."

"मशीन बंद कर."

मेकॅनिक म्हणाला, "अहो, आत्ता तर चालू झालं!"

"बंद करा म्हणते ना. बघूच. हाताने फुलते की पाइपाने."

बाबा चादरींच्या मागून बाहेर आले. "अगं, हॉटेलवाल्यांचे दोन गठ्ठे पडलेत. ते तुझा हात वाळवणार आहे का?"

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत चादरीत गेले.

तर ढोल दुरुस्त, तेल पाजलेला, चकाचक, आणि बंद. आम्ही परत दोऱ्यांवर. मेकॅनिकनं बाहेर सगळ्यांना सांगितलं की त्या लाँड्रीतल्या बाईंचं डोकं फिरलंय. आणि आई रोज पिवळीची सेवा करतेय. कोमट पाणी. खत. खालची माती मोकळी. संध्याकाळी गोणपाट पांघरायची, सकाळी काढायची. तिला हवं होतं काय, तर काकूच्या आधी, एक दिवस तरी आधी फुलावी. मग पाइप खोटा आणि हात खरा. मी मनात म्हणत होते, फुल गं बाई, आईसाठी फुल. आणि लगेच वाटायचं, नको फुलूस, फुललीस तर या दोघी कधीच बोलणार नाहीत. माझं मलाच कळेना मी कुणाच्या बाजूची.

काकूची गाडी रविवारी होती. थंडी मोडली शुक्रवारी. ऊन पडलं ते असं पडलं की गोणपाटातून वाफा निघाल्या. शनिवारी सकाळी मी चहा घेऊन मागच्या दाराशी आले तर आई अंगणात पाठमोरी उभी.

पिवळी फुलली होती. सगळीकडून एकदम, दुकानाच्या बाजूनं, भिंतीच्या बाजूनं, वरून, खालून. इतकी सुंदर ती आधी कधी दिसली नव्हती, कारण आधी ती अर्धी अर्धी फुलायची ना.

आणि भिंतीपलीकडे काकूची. तशीच. त्याच सकाळी.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं माझा चहा घेतला आणि पिऊन टाकला.

तेवढ्यात काकूचं दार उघडलं. स्वेटर, मफलर, हातात काठी. ती आधी स्वतःच्या झाडाकडे बघत राहिली, मग आमच्या. मग परत स्वतःच्या. गणिताच्या बाईंनी दोन्ही बाजू तपासल्या. आणि हळूहळू, गुडघा धरत, भिंतीपर्यंत आली.

"धाकटे," ती म्हणाली.

किती वर्षांनी! आई तिची धाकटी जाऊ, म्हणून काकू तिला पहिल्यापासून धाकटे म्हणायची. मी तर विसरलेच होते तो शब्द.

"एकाच दिवशी," काकू म्हणाली. "म्हणजे फांदी खरी होती. तू दिलीस ती चांगलीच होती. मीच वाकड्यात शिरले. म्हातारपणी अक्कल येते म्हणतात, पण माझी गाडी उद्याची आहे, त्यामुळे आज आली." आणि तिच्या डोळ्यांत पाणी. "तुझ्या हाताला गुण आहे गं. मला तो बघवला नाही, एवढंच."

आता बघा हं. आईला काही करायचंच नव्हतं. भांडण मिटलं होतं. माफी काकूनं मागितली होती, हात आईचा खरा ठरला होता, पाइपाचं गुपित आमच्या घरात होतं. नुसतं "जाऊ द्या हो ताई" म्हटलं असतं की झालं. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. तिनं खरंच तोंड उघडलं, "जाऊ..." म्हणाली. थांबली.

मग मान वळवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! ढोल चालू करा!"

आतून बाबांचा आवाज, "काय?"

"चालू करा म्हणते ना!"

"बंद कर म्हणते, चालू कर म्हणते," असं काहीतरी ऐकू आलं आणि ढोल धडधडला. आईनं काकूला फाटकातून आत आणलं, हाताला धरून, एकेक पाऊल. पिवळीच्या फांद्या बाजूला केल्या आणि काकूचा हात पाइपासमोर धरला.

काकूचा मफलर उडाला. ती दचकली. मग तिनं हात तिथेच ठेवला. वर झाडाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, भिंतीवरून स्वतःच्या उघड्या, मोकळ्या, भरपूर उन्हाच्या अंगणाकडे बघितलं. तिच्या डोक्यात ते सगळं मांडलं जाताना मला दिसत होतं.

"दर वर्षी?" तिनं विचारलं.

"दर वर्षी," आई म्हणाली. "यंदा ढोल बिघडला म्हणून कळलं. मागच्या आठवड्यात दुरुस्त झाला, पण मीच चालू दिला नाही. तुमच्या आधी फुलवून दाखवायची होती मला. नुसत्या हाताने. नाही जमलं." आई पाइपाकडे बघत म्हणाली, "गुण-बिण काही नव्हता ताई. धुराड्याचं कौतुक मी आपल्या नावावर खात होते. आणि वर तुम्हाला विचारत होते, झोपली का म्हणून."

काकूनं पाइपासमोरचा हात मागे घेतला. मला वाटलं, संपलं, आता परत पेटणार. ढोल आत धडधडतोय, फुलं वाऱ्यानं थरथरतायत आणि या दोघी समोरासमोर.

मग काकू म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं एका मशीनशी शर्यत लावत होते? या गुडघ्यांनी?"

आणि हसायला लागली. अशी हसली की तिची काठी सुटली. मग आई पण. दोघी पाइपाला धरून हसतायत, आणि तो इतका तापलेला की "आई गं!" करून हात झटकतायत आणि परत हसतायत. बाबा दारात येऊन उभे. म्हणाले, "आता बंद करू का?"

"राहू द्या," काकू म्हणाली. "गुडघ्याला बरं वाटतंय."

मग काय, खुर्ची आणली, काकूला पाइपासमोर बसवलं, पाय लांब करून. भिंतीवर चहाचे कप आले. मांजराला उठवलं. आईनं जाळलेल्या अभ्र्याचं पण सांगून टाकलं. काकू म्हणाली, "बटण तरी जळलं का? ते तर आधीच नव्हतं."

तिचं जाणं काही थांबलं नाही हं. रविवारी ती गेलीच, खोकी तशीच गाडीत चढली. दोघींना आधीच बोलता आलं असतं, आणि एवढी वर्षं फुकट गेली हे मला पण जरा लागलं. पण सकाळी निघायच्या आधी ती कात्री घेऊन आमच्या अंगणात आली, आई तिच्या अंगणात गेली, आणि दोघींनी एकमेकींच्या पिवळीची एकेक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली.

"निवडून कापलीस ना?" काकूनं गाडीतून विचारलं.

"सगळ्यात मरतुकडी," आई म्हणाली.

परवा फोन आला होता. फांदीला मुळं फुटलीत. लेकीच्या घरात काकूनं जागा पण बघून ठेवलीय. बाल्कनीत, गिझरच्या पाइपाशेजारी.